तिसरी उशी

बाबांना दम लागत होता आणि मी त्यांची गादी पिंजायला नेली. लिहितानाही लाज वाटते, पण झालं ते असंच.

दुपारी जेवून बाबा आडवे झाले की लगेच उठून बसायचे. "पडलो का जीव कोंडते बे. बसलो का बरं वाटते." मी कापूस पिकवणारा माणूस. मला वाटलं, गादीत रुईच्या गाठी झाल्या. एक उशी वाढवली, मग आणखी एक. तिसरीनंही भागेना, तेव्हा गादी मोटारसायकलवर बांधून आंजीला पिंजाऱ्याकडे नेली. त्यानं रुई चिमटीत धरून मान हलवली, "पार दबली." माझं निदान पक्कं झालं.

गादी घेऊन परतलो, तर बायको बाबांच्या खुर्चीपाशी बसलेली. तिनं त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून काढला. खड्डा तसाच राहिला.

"चार दिवसांपासून बाबांच्या चपलेचा पट्टा लागून नाई राह्यला. अन् तुम्ही गाद्या काऊन पिंजून राह्यले?"

बाबा आता बसल्या बसल्याच धापा टाकत होते. बोलताना वाक्य अर्ध्यावर सुटत होतं. तरी मी म्हणालो, "आज नव्या गादीवर पडू दे, उद्या दाखवू."

"उद्या?" एवढंच म्हणाली ती. मी शेजाऱ्याची गाडी आणली. बाबांना मागच्या सीटवर झोपवू लागलो, तर ओरडली, "बसवा त्यायले!"

वर्ध्याला डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "किती उशा घेऊन झोपतात?"

"तीन," म्हणालो. गादीचं गिळून टाकलं.

हृदय थकलं, की फुप्फुसात पाणी झिरपतं, त्या म्हणाल्या. आडवं झालं की जास्तच कोंडतं. "उशा वाढल्या, पाय सुजले, तर लगेच दाखवायचं. अन् बसूनही दम लागला, ओठ निळे पडले, खोकल्यात फेस आला, तर घरी एक मिनिट थांबायचं नाही."

ऑक्सिजन लावला, लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळी बाबांनी पहिलं सलग वाक्य उच्चारलं, "माह्या गादीचं काय केलं बे तू?" इतकी गोड शिवी मी कधी खाल्ली नव्हती.

आठवड्यानं घरी आले. अळणी वरणाला नावं ठेवून, त्याच पिंजलेल्या गादीवर, एका उशीवर भरदुपारी घोरू लागले. मी दारात उभा राहून ऐकत होतो. बायकोनं उरलेल्या दोन उशा उचलून कपाटात कोंबल्या.

"बाबांनी दुसरी उशी मागतली, का आधी मले सांगजा," ती म्हणाली. "पिंजाऱ्याले नाई."