उन्हात पिकवलेला दात

गेल्या चैत्रात वारलेले आमचे ब्रह्मपुरीचे दातवाले भाऊ रुग्णाच्या तोंडाआधी आभाळ तपासत. दात भरायचं त्यांचं मलम लोण्यासारखं मऊ असे आणि उजेड लागला की दगड होई. त्यासाठी निळ्या प्रकाशाचा एक दिवा होता, पण तो महिन्यातून जेमतेम चार दिवस पेटे. "सूर्यनारायणाले चार्जिंग लागत नाई," म्हणत भाऊ रुग्णाला खुर्चीसकट बाहेर काढत. पावसाळ्यात आमचे किडके दात दिवाळीची वाट बघत.

मलमाची डबी काळ्या छत्रीखाली, भाऊ मात्र बोडक्या डोक्याने उन्हात. "मले ऊन लागलं त चालते बाई. याले लागलं त कामातून गेलं."

मुलांनो, तुमच्या आईच्या लग्नाच्या सकाळी सुपारी चावताना माझा पुढचा दात अर्धा तुटला. दारात वऱ्हाड येणार आणि वधूमाय अशी! मी भाऊंकडे धावले. दिवा अर्थातच बंद. त्यांनी मलम लावलं, मला रस्त्याकडेला बसवलं आणि बजावलं, "तोंड मिटाचं नाई."

त्या रस्त्याने जाणारे निम्मे लोक माझे विद्यार्थी. इंग्रजीच्या तासाला मी त्यांना जन्मभर गप्प बसवलेलं. जो तो "नमस्कार बाई" म्हणून थांबे आणि आत डोकावे. जीप चालवणारा एक जण म्हणाला, "बाई, आज उत्तर येत नाई का?"

तेवढ्यात ऊन सरकलं. भाऊंनी त्याचीच जीप थांबवून तिचा आरसा वळवला आणि ऊन माझ्या तोंडात पाडलं. जीपमधल्या एका बाईने विचारलं, "काऊन थांबलो जी?"

जीपवाला म्हणाला, "बाईचा दात वाळून राह्यला."

शेवटी भाऊंनी नखाने टिचकी मारली. "वरून दगड झाला. आतून कच्चा असन. आज बोलू नोका, हसू नोका, रडू नोका."

लग्नभर मी ओठ मिटून वावरले. विहीणबाई कुजबुजल्या, "वधूमायले पोरगा पसंत नाई वाटते." पाठवणीच्या वेळी तुमची आई गळ्यात पडून म्हणाली, "आई, रागावलीस का गं? सकाळपासून एक शब्द नाही."

मग दात गेला तरी चालेल म्हटलं आणि तोंड उघडून मोठ्याने रडले.

भाऊ पंगतीतून उष्ट्या हाताने धावत आले. दोन्ही कोपरांनी ढकलत त्यांनी आम्हा मायलेकींना वळवलं. "रडाचं त रडा बाई, पण पश्चिमेकडं तोंड करून रडा. अजून अर्धा घंटा ऊन आहे."

आम्ही अर्धा तास पश्चिमेकडे तोंड करून रडलो. नवरदेवाची गाडी पूर्वेला उभी होती.