बाहेरून आलेला पणजोबा

चोरी-दरोड्याचे तपास मी पुष्कळ केले. पण निवृत्तीनंतर राहून राहून आठवतं ते एक असं प्रकरण, ज्यात आरोपीच नव्हता.

तेव्हा मी निरीक्षक होतो. बदली जात पडताळणीच्या दक्षता पथकात झाली होती. या पथकातल्या पोलिसाचं काम म्हणजे अर्जदाराच्या पणजोबापर्यंत मागं जाऊन जातीचा दावा खरा की खोटा ते शोधणं. मी वरोऱ्याकडचा, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. ठाणं सोडून रजिस्टरं चाळायची म्हणून सुरुवातीला नाराज होतो, हे कबूल करतो.

एटापल्ली तालुक्यातल्या एका गोंड मुलीचा डॉक्टरीला नंबर लागला होता. वैधता प्रमाणपत्र अकरा दिवसांत दिलं नाही, तर जागा जाणार होती. तेवढ्यात निनावी अर्ज आला: ‘पणजोबा गोंड नाही, बाहेरून आलेला माणूस. कोतवाल बुकात जन्म नाही. तपासावे.’

कोतवाल बुक म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंची जुनी वही. पाहिली. पणजोबाचा मृत्यू होता, पण जातीचा रकाना कोरा. जन्म नव्हताच. आजोबाच्या शाळेच्या रजिस्टरात गुरुजींनी नुसतं ‘हिंदू’ लिहिलेलं. म्हणजे खबर खरी होती.

मुलीचा बाप म्हणाला, "आमच्या बापानं कधी सांगितलंच नाई साहेब. आत्याले माईत असन."

आत्या म्हणजे त्या पणजोबाची लेक. ऐंशीच्या पुढची. अंगणात साठवणीतली मोहफुलं वाळवायला पसरत होती.

"बाबा मूळचे कुठचे, बाई?"

"इथचेच."

"इथी त्यायचा जन्म नाई."

"तुमाले माईत आहे ना? मंग मले काऊन विचारून राह्यला?"

तीनदा विचारलं. ती उठून आत गेली. गप्प बसणारा काहीतरी लपवतो, ही आमची ठाण्यातली समजूत. मी टिपणात लिहिलंसुद्धा, ‘माहिती दडवते.’

निघताना गावाबाहेर मेलेल्यांच्या नावानं उभे केलेले दगड दिसले. मुलीच्या बापाला सहज विचारलं, "तुमच्या आज्याचा कोणता?"

"त्याचा इथी नाई साहेब."

मी थांबलो. गोंडांत माणूस मेला की त्याला विधी करून कुळाच्या देवात मिळवतात, आणि कुळाचा देव मूळ गावी असतो. मागं वळलो.

"बाई, बाबाले देवात कुठी मिळवलं?"

ती दारात आली. "नदीपल्याड. मी लहान होती, संगं गेली होती." मग हळूच म्हणाली, "बाबा घरजावई होता. पाच वर्सं राबला, तवा आजानं माय देली. गावातली पोरं मले म्हणत, तुहा बाप सासऱ्याचा बैल. पोरीच्या कागदावर हे लिवता का तुमी?"

एवढंच होतं. सत्तर वर्षं जपलेली लाज ती नातीच्या वाट्याला येऊ देत नव्हती.

"नाई लिवत बाई. मले फकस्त गाव पायजे, अन् बाबाच्या बापाचं नाव."

तिनं गावाचं नाव, पणजोबाच्या बापाचं नाव आणि त्याच्या दोन भावांची नावं सांगितली. जबाब नोंदवला, अंगठा घेतला. त्या गावचे जुने कागद मी त्यानंतरच उघडले. आधी उघडले असते तर साक्षीदाराला पढवलं म्हणायला लोक मोकळे.

तहसीलच्या अभिलेख कक्षात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या नदीपल्याडच्या गावाच्या वहीत ओळ सापडली. पणजोबाच्या बापाचं नाव, ‘मुलगा झाला’, जात गोंड. त्याच काळातल्या जमिनीच्या कागदात तिघे भाऊ, बाईनं सांगितलेल्याच क्रमानं. मी खुर्चीत मागं टेकलो.

कारकून घाबरला. "साहेब, तब्येत बरोबर आहे ना?"

"एकदम. चहा सांगा."

टिपणातलं ते वाक्य खोडून मी सही केली. मुदतीच्या तीन दिवस आधी प्रमाणपत्र निघालं. बापाचा फोन आला, खरंच निघालं का म्हणून त्यानं दोनदा विचारलं. त्या रात्री मी गाढ झोपलो.

निनावी अर्ज करणाऱ्याचा मी शोध घेतला नाही. त्यानं लिहिलं ते खरंच होतं, माणूस बाहेरूनच आला होता. चूक होती ती त्यातून काढलेल्या अर्थात, आणि तोच अर्थ मीही काढायला निघालो होतो. तेव्हापासून मी सवय बदलली. कुणाच्याही अंगणात बसलो की आधी सांगायचो, तुमच्या उत्तराचं मी काय करणार आहे ते. मग प्रश्न विचारायचो. माणसं बोलायची.