न फिरणारी सहा हँडलं

आमच्या उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलमध्ये वाफेच्या सहा व्हॉल्व्हना मी काढलेली हँडलं बसवली होती, आणि त्यातलं एकही फिरत नव्हतं.

मी पाइपिंग डिझायनर आहे. नागपूरच्या एका कंपनीसाठी गोंदियाच्या घरात बसून कॉम्प्युटरवर पाइप जोडते. बाबा या कामाला 'पोरीचा गेम' म्हणायचे. पण यंदा मिलमध्ये बॉयलरपासून धान शिजवायच्या टाक्यांपर्यंत नवी लाइन टाकायची ठरली, तेव्हा ते माझ्या दारात येऊन म्हणाले, "आपला नकाशा तूच काढून दे न व." मी अशी फुगले की त्या दिवशी जेवणसुद्धा कॉम्प्युटरसमोरच केलं!

आता आमच्या सॉफ्टवेअरची एक खोड सांगते. त्यातल्या तयार व्हॉल्व्हला हँडल नसतं. नुसतं धड! मग माणसाचा हात तिथं पोचेल की नाही, हे कळायचं कसं? आम्ही जुगाड करतो. मी चार एल्बो, म्हणजे पाइपचे काटकोनी वाक, एकाला एक जोडले, झालं गोल चाक. त्याला पाइपचे तुकडे लावून ते व्हॉल्व्हच्या अंगाला चिकटवलं. (फक्त जागा कळावी म्हणून हो!) हे खोटे एल्बो शेवटी सामानाच्या यादीतून काढायचे असतात. ते मी विसरले. बाबांना नकाशा गोल गोल फिरवून दाखवण्यात गुंग होते ना!

मग मी दोन आठवडे ऑफिसच्या कामाला नागपूरला गेले. इकडे मन्साराम फिटरनं शंका काढली, "भाऊ, व्हॉल्व्हले तं कंपनीचं चाक हाये. हे दुसरं कायले?"

बाबा कडाडले, "माह्या पोरीपेक्षा तुले जास्त समजते का? जसं काढलं तसंच कर!"

मन्सारामनं तसंच केलं.

वाफ सोडायच्या दिवशी मी परत आले. हार, नारळ, पन्नास पाहुणे, टाक्यांत पहिलं धान भिजून तयार. बाबांनी मला सगळ्यांपुढे उभं केलं. "हे आमची इंजिनेर!" मी ऐटीत मान वर करून लाइन पाहिली आणि जागीच गार पडले. प्रत्येक व्हॉल्व्हवर चार एल्बोंचं जाडजूड चाक. वर सोनेरी रंग!

"मन्सारामभाऊ, हे काय?"

"नक्शे में था, ताई. पक्की वेल्डिंग मारली."

"वेल्डिंग कशावर मारली?"

"व्हॉल्व्हच्या अंगाले. तुमी तसंच जोडलं होतं ना जी!"

तोवर बाबांनी नारळ फोडून पहिलं हँडल धरलं होतं. हललं नाही. मामा धावले. दोघांनी मिळून जोर लावला. "नवं हाये, जाम राहते," बाबा पाहुण्यांना म्हणाले. (वेल्डिंग खरंच उत्तम होती.)

"बाबा, ते फिरणार नाही. फिरत्या दांड्याला नाही, अंगाला जोडलंय. ते खोटं आहे."

"खोटं? अवं, लोखंड तं खरं हाये!"

मला रडूच कोसळलं. भिजलेलं धान वेळेत शिजलं नाही तर आंबतं, त्याच्या तांदळाला वास येतो. पहिलाच माल, आणि नाव बाबांनी गावभर माझं सांगितलेलं!

"कंपनीची चाकं कुठायत?"

"तुमच्या घरी देल्ली," मन्साराम म्हणाला.

मी आईला फोन लावला.

"हो, आहेत न. मी त्याच्यावर वरण-भाताचे गरम भगोने ठेवून राहिले. मस्त बसतात! काऊन?"

"आई, भगोने उतरव आणि चाकं पाठव!"

"आन वरण कशावर ठेवू? माणसं जेवाले येऊन राहिले!"

"माझ्या डोक्यावर ठेव!"

चाकं आली. दोनांवर वरण सांडलेलं होतं. मन्सारामनं दोन ग्राइंडर लावले आणि पन्नास पाहुण्यांसमोर माझी हँडलं एकेक करून कापली. ठिणग्या इतक्या उडाल्या की पोरांनी टाळ्या वाजवल्या. कंपनीची चाकं बसली, बाबांनी पहिलं फिरवलं, आणि वाफ सूं करत टाक्यांत शिरली. धान वाचलं! एका जोडातूनही थेंब गळला नाही, आणि प्रत्येक चाकापर्यंत हात आरामात पोचत होता. शपथेवर सांगते, मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

तरी मी बाबांजवळ जाऊन म्हटलं, "चुकलं माझं."

"तू काढलं तसंच झालं का नाही?"

"झालं."

"मंग? चूक कायची?" असं म्हणून ते मामांना लाइन दाखवायला घेऊन गेले.

आजवर मी कितीतरी कारखान्यांचे नकाशे काढले. सगळीकडे फिटर लोक नकाशा बाजूला ठेवून आपल्याच मनानं काम करतात, आणि मी त्यांच्या नावानं खडे फोडते. शंभर टक्के माझ्या नकाशाबरहुकूम झालेलं काम आयुष्यात एकच, आणि तेच कापायला दोन ग्राइंडर लागले!