एका बॉलचे भाऊजी

माझे धाकटे दीर दुबईत आले ते जबल अलीतल्या एका गोदामात सुपरवायझर म्हणून. राहायला आमच्याकडे, डिस्कव्हरी गार्डन्सला, हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर. अमरावतीला कॉलेजात असताना ते बेसबॉल खेळायचे, विद्यापीठाच्या टीममध्ये पिचर होते, म्हणजे बॉल टाकणारे, आणि डावखुरे होते. ही माहिती आमच्या घरात इतक्यांदा सांगून झाली होती की पाहुणा आला की माझा नवराच ती आधी सांगून मोकळा व्हायचा. मग भाऊजी निवांत जेवायचे.

पण तो डावा हात खरंच कामाला आला. शनिवारी सकाळी ते एका शाळेच्या मैदानावर हौशी मंडळींबरोबर खेळायला जात. त्या वर्षी इथे एक नवी व्यावसायिक टीम उभी राहत होती. तिचा कोच, डॉमिनिकन रिपब्लिकचा एक साठीचा गृहस्थ, एकदा मैदानावर आला, यांचे दहाएक बॉल बघितले आणि ट्रायलला बोलावून गेला. निवड झाली. दोन महिन्यांच्या सीझनसाठी भाऊजींनी बिनपगारी रजा टाकली. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर एवढंच विचारलं, की हे क्रिकेटच ना. भाऊजी हो म्हणाले. खरं समजावायला बसले असते तर फोनचं चार्जिंग संपलं असतं.

सुरुवातीला त्यांना वाटत होतं, आपण मॅच सुरू करणारे पिचर होणार. सरावाच्या पहिल्याच मॅचमध्ये त्यांनी समोरच्यांना इतक्या धावा दिल्या की कोचने त्यांना बाजूला घेतलं. तुझ्या हातात वीसच चांगले बॉल आहेत, तो म्हणाला, आणि मला तेवढेच हवेत. डावखुऱ्या बॅटरला डावखुऱ्याचा बॉल नीट दिसत नाही, म्हणून तसा बॅटर आला की मध्येच यायचं, त्याला बाद करायचं आणि परत जायचं. रिलीफ पिचर म्हणतात त्याला. भाऊजी दोन दिवस घुश्श्यात होते. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, म्हणजे लग्नात फक्त मंगलाष्टकांना येणारे असतात, तसं.

पहिल्या मॅचला आम्ही डब्यात पोळी-भाजी घेऊन गेलो. भाऊजी मैदानाच्या कडेला जाळीच्या आत बाकावर बसलेले होते. मॅच संपेपर्यंत तिथेच बसलेले होते. दुसऱ्या मॅचला दोनदा उठले, हात मोकळा केला, पुन्हा बसले. माझी नऊ वर्षांची मुलगी वैतागून म्हणाली, "आई, काका इज जस्ट सिटिंग." मी तिला सांगितलं, हेच त्यांचं काम आहे. तिला ते काम फार आवडलं.

तिसऱ्या मॅचला मी चहाच्या रांगेत उभी होते. ग्लास हातात घेऊन परत आले तर लोक टाळ्या वाजवत होते आणि भाऊजी जाळीकडे परत चालले होते. एकच बॉल टाकला होता. बॅटरने तो उंच उडवला, कोणीतरी झेलला, खलास. मॅचनंतर ते हसत आमच्याकडे आले आणि मला म्हणाले, "वहिनी, कसा होता बॉल?"

"काय वळला हो," मी म्हणाले.

"वळला नाही. सरळच गेला. पण तुम्ही पाहिलात ना?"

पाहिला, मी म्हणाले. आजवर तेच सांगत आले आहे.

शेवटची मॅच रविवारी दुपारी होती. टीम एका धावेने पुढे होती, शेवटची इनिंग, समोरचे दोन बाद, तिसरा बाद झाला की जिंकलो, पण धावेच्या वाटेवरचे तिन्ही थांबे, म्हणजे बेस, भरलेले, आणि बॅट घेऊन एक धिप्पाड डावखुरा आला. कोचने जाळीकडे बघून "यल्ला", म्हणजे चल, म्हणून हात केला. भाऊजींनी सहा बॉल टाकले. त्या माणसाने बॅट हलवलीसुद्धा नाही. दोन बॉल बरोबर पडले, चार बाहेर गेले. चार बाहेर गेले की बॅटरला फुकट बेस मिळतो. बेस भरलेले असल्यामुळे सगळे एकेक बेस पुढे सरकले, तिसऱ्यावरचा धाव पुरी करून आला आणि बरोबरी झाली. कोचने यांच्या जागी दुसऱ्याला आणलं. त्याच्या पहिल्याच बॉलवर टोला बसला आणि मॅच गेली.

आम्ही गाडीत बसून घरी निघालो. माझा नवरा, जो सिग्नललासुद्धा भावाची टर उडवायचा, तो मुकाट्याने गाडी चालवत होता. शेख झायेद रोडवर आल्यावर भाऊजी मागच्या सीटवरून हळूच म्हणाले, "दादा, काहीतरी बोल ना. तू गप्प बसलास की मेल्यासारखं वाटतं."

नवऱ्याने थोडा विचार केला. "सहा बॉल टाकलेस," तो म्हणाला. "नेहमीपेक्षा पाच जास्त."

भाऊजी आधी हसले, मग डोळे पुसायला लागले, मग पुन्हा हसले. घर येईपर्यंत हे दोन्ही चालू होतं.

सोमवारी ते गोदामात हजर झाले. आम्हाला वाटलं, संपलं. पण पुढच्या वर्षी कोचचा फोन आला, आणि भाऊजींनी पुन्हा रजा टाकली. गंमत म्हणजे तो धिप्पाड बॅटरही त्या वर्षी यांच्याच टीममध्ये आला होता. एका शुक्रवारी भाऊजी त्याला आमच्याकडे जेवायला घेऊन आले. माणूस फार गोड. त्याने सहा पोळ्या खाल्ल्या आणि सातवी घेताना माझ्या नवऱ्याला सांगितलं, की त्या दिवशी मी बॅट फिरवली नाही, कारण बॉल कुठे येणार हे मला कळत नव्हतं, आणि तुमच्या भावालाही कळत नव्हतं.

नवऱ्याने उठून त्याच्याशी हात मिळवला. भाऊजींनी त्याच्या ताटात आणखी तूप वाढलं, डाव्या हातानेच.