कुकरजवळचा तळहात

कुकर चढला की अण्णा, माझे वडील, स्वयंपाकघरात येतात आणि त्याच्याजवळ तळहात धरतात. टेकवत नाहीत, वीतभर लांबच.

त्यांची सगळी नोकरी पीव्हीसीच्या कारखान्यात, रिअ‍ॅक्टरवर झाली. तिथे बंद भांड्यात वायूचा एक कण दुसऱ्याला धरतो, दुसरा तिसऱ्याला. साखळी वाढते तशी उष्णताही वाढते. भांड्याबाहेरून गार पाणी फिरायचं थांबलं तर ती आवरत नाही. मग साखळी रोखणारं औषध आत सोडावं लागतं.

"पाणी चालू आहे ना गं?" अण्णा विचारतात.

"अण्णा, भात आहे तो!" मी पूर्वी चिडायचे. आता नुसता नळ सोडते. पाण्याचा आवाज आला की त्यांचा हात खाली येतो.

माझ्या डोक्यातही असंच चालतं. लेकीचा फोन लागत नाही, मग घाटातला रस्ता दिसतो, मग ट्रक, मग त्याच्या पुढचं. हे रोखणारं औषध कुठे मिळतं?

आज अण्णा आत्याकडे गेलेत. लेकीचा फोन सकाळपासून बंद आहे. कुकरची शिट्टी झाली तेव्हा पाहिलं, तर सिंकमध्ये नळ धो धो वाहत होता.

तो मीच सोडला होता.