मरून रंगाचा पासवर्ड

तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्याची संपूर्ण संगणकीय सुरक्षा एके काळी एकट्या माझ्या खांद्यावर होती. दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळायची असेल तर माझी हरकत नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. आमचा कारखाना कापडाचे रंग बनवायचा आणि त्यातला मरून आमचा खास. तसा मरून आसपास कोणाला जमत नसे. कोणती पावडर किती, उकळी किती वेळ, हे सगळं मालकांच्या डायरीत. डायरी लोखंडी कपाटात आणि कपाटाची किल्ली मालकांच्या जानव्याला. साहेब आंघोळीला गेले तरी किल्ली सोबत जायची. इतकी चोख सुरक्षा मी पुढे बँकांतही पाहिली नाही.

मग कॉम्प्युटर आला. मी प्रोबेशनवर होतो आणि माझी एकमेव पात्रता म्हणजे टायपिंग क्लासचं सर्टिफिकेट. आमचे क्लासचे सर प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणायला लावत. तोंड चुकलं नाही तर बोट चुकत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. साहेबांनी कीबोर्ड पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाले, "हे तुझं खातं."

खोलीला एसी लागला, चपला बाहेर काढायचा नियम झाला. मला थेट पुजारी झाल्यासारखं वाटू लागलं. आत मी, साहेब आणि फरशी पुसणाऱ्या मावशी, एवढ्यांनाच प्रवेश. मावशी कोपरजवळच्या खाडीकाठच्या गावातल्या. त्यांना इंग्रजी अक्षरं येत नसत, त्यामुळे त्यांच्याकडून धोका नाही असा मी अभ्यासपूर्ण निष्कर्ष काढला होता.

पुजारी झालं की माणूस सल्ले देतो. मी म्हणालो, "साहेब, मरूनचं सगळं आता मशीनमध्ये आहे, पासवर्डच्या आत. डायरी ठेवणंच आता धोक्याचं."

साहेबांनी डायरी बॉयलरमध्ये टाकली. किल्ली सवयीने जानव्यालाच राहिली. मला म्हणाले, "एवढं नीट सांभाळलंस, तर महिनाअखेर तुला कायम करतो."

कायम झाल्याचं पत्र मला फार हवं होतं. कल्याणच्या माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, आधी कायम, मग मुहूर्त.

पहिला पासवर्ड मी होणाऱ्या बायकोचं नाव ठेवला. मशीन विकणाऱ्यांचा इंजिनिअर आला आणि त्याने तो बसल्याबसल्या ओळखला, कारण माझ्या वहीच्या मागच्या पानावर तेच नाव वेगवेगळ्या वळणांत लिहिलेलं होतं.

"अर्थ नसलेलं काहीतरी घ्या," तो म्हणाला. "कुठेही लिहू नका. आणि तीनदा चुकलात तर मशीन बंद होईल, मी येईपर्यंत उघडणार नाही. मी चाललोय नाशिकला. आठवड्याने भेटू."

शनिवारी दुपारी मी पाच अक्षरांचा, शून्य अर्थाचा पासवर्ड बनवला. कुठेही लिहिला नाही. दुपारभर पुन्हा पुन्हा टाईप करून पाठ केला. रविवारी मित्रांबरोबर खडवलीला गेलेलो. नदीत दिवसभर डुंबलो, डोकं स्वच्छ झालं. फारच स्वच्छ झालं.

सोमवारी तळोज्याचं मोठं गिऱ्हाईक आलं. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकून आलेले गृहस्थ, त्यामुळे आधीच तापलेले. मरूनचा नमुना डोळ्यांसमोर बनवून हवा होता, नाहीतर ते दुसरीकडे निघाले होते. साहेब त्यांना घेऊन माझ्या खोलीत आले. चपला काढल्या. मी बोटं मोडली आणि कीबोर्डकडे पाहिलं. कीबोर्डने माझ्याकडे पाहिलं. त्यापुढे आमची ओळख सरकेना.

पहिला प्रयत्न चुकला. दुसऱ्यात मी घाबरून पुन्हा बायकोचं नाव मारलं.

"आणखी कोणाला माहीत आहे?" साहेबांनी हळूच विचारलं.

"कोणालाच नाही साहेब," मी म्हणालो. अशा अवस्थेतही माझी छाती जरा फुगलीच. "तीच तर सिक्युरिटी."

साहेबांचा हात जानव्यातल्या किल्लीकडे गेला आणि तसाच खाली आला. कपाटात आता नुसती हवा होती. मला कल्याणला मांडव दिसला, त्यात दुसराच नवरदेव.

मी तिसऱ्यांदा बोट उचललं, तेवढ्यात टेबलाखालून, फडकं पिळता पिळता, आवाज आला. "कू, यल, सात, जे, टी."

मी मारलं. मशीन उघडलं. मरून पडद्यावर आला.

"मावशी, तुम्हाला कसं माहीत?" साहेबांनी विचारलं.

"शनवारी दुपारभर ह्ये आरती बोलल्यासारखा बोलत व्हते. वॉचमनला पन पाठ झालाय."

गिऱ्हाईक इतकं हसलं की त्याचा शीळफाटा उतरला. नमुना बनला, पसंत पडला, गृहस्थ गेले. मग साहेबांनी खणातून एक टाईप केलेला कागद काढला. माझं पत्र. त्यांनी पेनचं टोपण काढलं, माझ्याकडे पाहिलं, टोपण परत लावलं.

"मावशी," ते म्हणाले, "तुम्हीच सांगा आता. याला कायम करू का काढून टाकू?"

मावशींनी बादली उचलली, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "करा सायेब कायम. नायतर नवा मानूस येल, तो मनातले मनात टाईप करल. मंग आपल्याला कसा कलल?"