हास्टाटाची पेटी

आता कुठल्या तोंडानं सांगू? पण बसलातच आहात, तर ऐका. लॅटिन नावाच्या भाषेनं माझं वाटोळं केलं. भाषेनं कसलं, मीच केलं!

संगमावरच्या टोपीकर डॉक्टराकडे मी चाकरी धरली, तेव्हा कसब्यातल्या शास्त्रीमंडळींनी नाकं मुरडली. साहेबाला झाडपाल्याचं वेड. तो लॅटिनमध्ये पानाचा आकार सांगणार, मी तसलं पान हुडकून आणणार.

एकदा म्हणाला, "डेंटाटा."

"दंत? म्हणजे दातेरी कडेचं पान?"

साहेब खुर्चीतून उठलाच! "बरोबर! दातच! तुला कसं कळलं?"

झालं! डोक्यात वारं शिरलं. संध्याकाळी देवळात मी जाहीर करून टाकलं, "लॅटिन ही आपल्या संस्कृतचीच लेक!" नाकं मुरडणाऱ्यांनीच मला पुढं बसवलं.

पुढं साहेब मुंबईला निघाला. विलायतेतल्या आपल्या गुरूला त्याला पानं पाठवायची होती. "नदीकाठची हास्टाटा पानं वाळवून मागून पाठव. कसली, कळलं ना?"

"अहो साहेब, हे काय विचारणं झालं?"

हस्त म्हणजे हात. पंजासारखं पान कुणाचं? एरंडाचं! पेटी गच्च भरली, रवाना केली.

साहेब परतला तो लालबुंद. "जहाज माझ्या पेटीशिवाय गेलं! हास्टा म्हणजे भाला! भाल्याच्या पात्यासारखं पान, बुडाशी दोन्हीकडे टोकं!"

"मग हात?"

"पाल्मा! तू पाठवलंस ते पाल्माटा!"

इथं गप्प बसावं की नाही माणसानं? पण पुण्याचं पाणी! मी म्हटलं, "मग साहेब, तुमची भाषाच चुकली आहे."

चाकरी तिथंच संपली.

देवळात मात्र सांगितलं, "मीच सोडली. अशुद्ध भाषा हो!" मंडळींनी माझ्या अंगावर शालजोडी घातली. त्या शालीत मी किती घामाघूम झालो, माझं मला ठाऊक.

पुढल्या साली जावईबापू रिकामे झाले. लेकीच्या घरी चूल पेटेना. मी त्यांना समोर बसवून सगळं घोटून घेतलं. हास्टा भाला, पाल्मा हात, कॉर म्हणजे काळीज, म्हणून पिंपळाचं पान कॉर्डाटा. एक चूक राहू दिली नाही, आणि त्याच साहेबाकडे धाडलं!

साहेबाच्या प्रत्येक प्रश्नाला जावईबापूंचं उत्तर तयार. साहेब खूश. म्हणाला, "उद्यापासून या. एवढं कुणाकडे शिकलात?"

आणि जावईबापूंनी, छाती पुढं काढून, माझं नाव सांगितलं!